जिभेचे सोवळे

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'वर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातला विनोद, साधेपणा, त्यातले टिळक, सगळ्यांची वाखाणणी झाली. पण हे पुस्तक एका ख्रिस्ती बाईने लिहिले आहे, ही गोष्ट आपले समीक्षक बहुधा अडचणीची म्हणून बाजूला सारतात. जणू धर्मांतर हा त्या संसारातला एक अपघात होता आणि लेखनाशी त्याचे काही नाते नाही. मला ते नाते दिसते, आणि ते बोलण्यात दिसते. मी ख्रिस्ती नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका शाळेत मराठी शिकवतो आणि कादंबऱ्या लिहितो. म्हणजे दोन्ही धंदे जिभेचेच.

पुस्तकाच्या आरंभी लक्ष्मीबाईंचे वडील भेटतात. त्यांचे सोवळे विलक्षण. बाजारातून घरात येईल ते धुऊन घ्यायचे, आणि त्याचा सारा जाच घरातल्या बायकांना. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात येशूने हे सोवळे उलटे करून ठेवले आहे. माणसाला विटाळ होतो तो आत गेलेल्या घासाने नव्हे, तोंडातून बाहेर पडलेल्या गोष्टींनी, असा त्या बोलण्याचा आशय. 'स्मृतिचित्रे' मी या दोन सोवळ्यांमधला प्रवास म्हणून वाचतो. स्वयंपाकघरातले सोवळे हळूहळू गळत जाते आणि जिभेवर दुसरे चढते.

हे दुसरे सोवळे पाळायला किती अवघड, ते याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय सांगतो. घोड्याच्या तोंडातला लगाम, जहाजाचे सुकाणू हे त्यातले दाखले मी भराभर ओलांडतो. जहाजे आमच्याकडे नाहीत. पण लहानशी ठिणगी आणि केवढे तरी मोठे रान हा दाखला आला की इकडच्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. मार्च-एप्रिलात मोहफुले गळू लागली की वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात. पेटवणाऱ्याला रान जाळायचे नसते. त्याला फुले वेचायची असतात, त्यावर घरची मीठमिरची चालायची असते. वारा सुटतो, आग पाचोळ्यापाचोळ्याने सरकते, आणि रात्री सगळी टेकडी लाल दिसते. याकोबाचा दाखला लोक निंदेला आणि चहाडीला लावतात. मला वाटते, तो रोजच्या बोलण्याला अधिक लागतो. चहाडखोराला आपण काय पेटवतो आहोत हे ठाऊक असते. भीती आहे ती कामापुरत्या, सहज टाकलेल्या शब्दाची. मत्तयाच्या बाराव्या अध्यायात शेवटच्या दिवशी हिशेब मागितला आहे तोही उगाच बोललेल्या शब्दाचाच.

वाणीचे तप गीतेच्या सतराव्या अध्यायातही आहे, आणि ते आपल्या अंगवळणी पडलेले आहे. पण तिथे साधकाला ते साधेल असा भरवसा आहे. याकोबाला तो नाही. सगळी जनावरे माणसाळली, जीभ काही माणसाळली नाही, असे त्याचे म्हणणे. उपदेशाच्या ग्रंथात इतकी उघड हार मला क्वचितच आढळली.

आमच्या भागातल्या शाळांत मात्र एक निराळीच गल्लत चालते. झाडीबोलीत 'ण' नाही, म्हणून पोर 'पानी' म्हणते. 'ळ'चा 'र' होतो, म्हणून डोळ्याला 'डोरा'. माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या घरचे पोर तर मराठीच शाळेत येऊन शिकते. यांची भाषा शुद्ध करायची म्हणजे उच्चार घासायचे, एवढेच आपण जाणतो. प्रार्थना संपते न संपते तोच 'पानी' म्हणणाऱ्या एका मुलाला गुरुजींनी 'रानटी' म्हटलेले मी ऐकले आहे. (शब्दाचा अर्थ 'रानातला' एवढाच धरला तर त्यात वावगे काही नाही, पण गुरुजींनी तो त्या अर्थाने योजला नव्हता.) गुरुजींचे प्रार्थनेतले उच्चार निर्दोष होते. ज्या तोंडाने देवाची स्तुती, त्याच तोंडाने देवाच्या प्रतिमेप्रमाणे घडलेल्या माणसाला शिव्याशाप, ही याकोबाची तक्रार याहून वेगळी नाही.

साहित्यातही हीच गल्लत झाली. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ चे. विधवांच्या दुःखाविषयीची त्यातली तळमळ खरी आहे. पण खुद्द यमुना इतकी नीट बोलते की तिला काही आवरून धरावे लागत असेल असे वाटत नाही. कादंबरीकार म्हणून अशा पात्रांचे मला भय वाटते. पंडिता रमाबाईंची वाट निराळी. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल साध्यासुध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणले. १९२२ त त्या वारल्या. १९२४ त ते केडगावच्या मुक्ति मिशनातून प्रसिद्ध झाले. शब्द पारखून घेतले, पण कोणासाठी ते त्यांना पक्के ठाऊक होते.

लक्ष्मीबाई फटकळ आहेत आणि शेवटपर्यंत फटकळच राहतात. टिळकांचा शीघ्रकोप, न सांगता घरातून निघून जाणे, असेल नसेल ते देऊन टाकणे, काहीच त्या झाकत नाहीत. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने टिळकांना नवा करार दिला, आणि डोंगरावरचे प्रवचन वाचून ते भारावून गेले, ही हकीकत प्रसिद्धच आहे. त्याच प्रवचनात भावाला मूर्ख म्हणणाऱ्याला नरकाची धमकी आहे. इतक्या तापट माणसाला ते पान कसे लागले असेल!

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या ताटातुटीत या बाईने जे सोसले ते लिहिताना सूड घेण्याची किती सोय होती! नवरा, सोयरे, शेजारी, सगळेच लेखणीच्या टप्प्यात होते. पण अशा जागी लक्ष्मीबाई स्वतःच्याच फजित्या सांगू लागतात. वनखाते उन्हाळ्याआधी जाळरेषा काढते. आपणच एक पट्टा जाळून ठेवायचा, म्हणजे वणव्याला पुढे खायला काही उरत नाही. लक्ष्मीबाईंचे स्वतःला हसणे त्या जातीचे आहे. कोणी म्हणेल, हा स्वभाव. यात धर्म कुठे आला? विनोद स्वभावाचा असेल, मान्य. पण खरे सगळे सांगायचे आणि कोणालाही डागायचे नाही, हे नुसत्या स्वभावाने चारशे पाने टिकत नाही. निदान माझ्या कादंबऱ्यांत ते चाळीसही टिकलेले नाही.

टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनीच पूर्ण केले. तिथे वाणी ओवीला शोभेल अशी सोवळ्यात आहे, आणि ते आज फार थोडे वाचतात. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून चार भागांत निघाली. १९३६ साली लक्ष्मीबाई गेल्या. अखेरचा भाग मुलाने, देवदत्तांनी, पुरा केला. लेखणी मुलाच्या हाती येते तेव्हा ती आदराने, जपून चालते. वावगा म्हणावा असा शब्द मला तिथे सापडला नाही, आणि तिथवर आलो की मी पाने उलटून पुन्हा पहिल्या भागाकडे जातो.