प्रमाणित चाचणी आणि गैरहजर मूल

शालेय परीक्षांविषयी महाराष्ट्रात गेली काही वर्षे जो वाद चालू आहे, तो बहुतांशी ‘नापास करावे की करू नये’ ह्या एकाच प्रश्नाभोवती फिरतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने, जो १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला, आठवीपर्यंत कोणाही मुलास त्याच वर्गात मागे ठेवू नये असा दंडक घातला. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवी ह्या दोन इयत्तांपुरता तो सैल केला आणि निर्णयाची मुभा राज्यांना दिली. महाराष्ट्राने २०२३ साली आपल्या नियमांत बदल करून ह्या दोन्ही इयत्तांना वार्षिक परीक्षा लागू केली. अनुत्तीर्ण विद्यार्थ्यास पुन्हा एकदा परीक्षा देता येते. तीतही तो अनुत्तीर्ण झाल्यास त्यास त्याच वर्गात ठेवले जाते. एक पक्ष म्हणतो, धाकावाचून अभ्यास होत नाही. दुसरा म्हणतो, नापासाचा शिक्का बसलेले मूल शाळाच सोडते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु ज्या मुलाचे मापन करावयाचे ते वर्षभर वर्गात बसलेले असते, हे दोन्ही पक्ष गृहीत धरून चालतात. प्रस्तुत लेखात ह्या गृहीतकाचीच तपासणी करावयाची आहे.

‘प्रमाणित चाचणी’ ह्या शब्दप्रयोगाचा अर्थ प्रथम स्पष्ट केला पाहिजे. सर्वांस एकच प्रश्नपत्रिका दिली म्हणजे चाचणी प्रमाणित झाली असे नव्हे. आल्फ्रेड बिने ह्याने १९०५ साली पॅरिसमध्ये आपली मापनश्रेणी रचली, ती कोणत्या मुलांना वेगळ्या साहाय्याची गरज आहे हे ओळखण्यासाठी. ती आपल्याकडे आणताना डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाड येथे कन्नड व मराठी भाषिक मुलांवर तिचे प्रयोग करून प्रमाणे नव्याने बसविली. ह्या परिश्रमामागील तत्त्व साधे पण महत्त्वाचे आहे. प्रमाण ज्या मुलांवरून ठरते, त्यांच्यासारख्याच परिस्थितीतील मुलांना ते न्यायाने लावता येते. तेव्हा कोणत्याही चाचणीविषयी पहिला प्रश्न हा विचारावयास हवा की, तिचे प्रमाण ठरविताना कोणते मूल मोजले गेले आणि कोणते सुटले.

हा प्रश्न घेऊन आपण बीड जिल्ह्याकडे, गेवराई तालुक्यातील उमापूरसारख्या गावाकडे पाहू. ह्या जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीसाठी मोठ्या संख्येने कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. घरी सांभाळणारे कोणी नसेल तर मुलेही टोळीबरोबर निघतात. साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरात गळीत हंगाम सुरू होतो आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास पट्टा पडतो. म्हणजे शालेय वर्षाचा मधला, सर्वांत भरीव अध्यापनाचा काळ ह्या मुलांच्या वाट्यास येतच नाही. हंगामी वसतिगृहे व साखरशाळा हे त्यावरील उपाय होत. परंतु ज्या मुलापर्यंत ते पोहोचत नाहीत त्याचे वर्ष बुडते.

आता चाचण्यांच्या तारखा पाहाव्या. शिक्षणव्यवस्थेची गुणवत्ता अजमावण्यासाठी केंद्र सरकारने घेतलेली प्राथमिक इयत्तांची राष्ट्रीय सर्वेक्षणे १३ नोव्हेंबर २०१७, १२ नोव्हेंबर २०२१ व ४ डिसेंबर २०२४ रोजी झाली. निवडलेल्या शाळांतून त्या दिवशी वर्गात हजर असलेल्या मुलांनाच ही चाचणी दिली जाते. तिन्ही दिवस ऊसतोडीच्या हंगामातले आहेत. फडावर गेलेले मूल त्या सरासरीत येत नाही. त्याच्या गैरहजेरीमुळे आकडा खाली येण्याचे तर कारणच उरत नाही. ‘असर’ ही २००५ पासूनची पाहणी घरोघर जाते हे तिचे वैशिष्ट्य खरे. पण घराला कुलूप असेल तर तिचाही निरुपाय होतो. उलट पाचवीची वार्षिक परीक्षा येते ती एप्रिलात, म्हणजे कुटुंब परतते तेव्हा. त्या परीक्षेत मात्र हे मूल नेमके मोजले जाते.

येथे ह्या वादातील खरी विषमता प्रकट होते. ज्या चाचणीने व्यवस्थेचा हिशेब द्यावयाचा, तीत हे मूल गैरहजर. ज्या चाचणीचा परिणाम केवळ त्याला भोगावयाचा, तीत ते हजर. व्यवस्थेच्या उणिवेचा भार अशा रीतीने दहा-अकरा वर्षांच्या मुलावर पडतो.

हा प्रकार सर्वस्वी नवा नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात परीक्षेच्या निकालावरून शाळांना अनुदान देण्याची पद्धत होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी ही पद्धत गरीब व अशिक्षित वर्गांत विद्याप्रसार करण्यास निरुपयोगी असल्याचे प्रतिपादन केले. ज्यांच्यात शिक्षणाची आवड अद्याप निर्माण व्हावयाची आहे, त्यांच्यासाठी ह्या अनुदानाच्या भरवशावर कोणी शिक्षक शाळा काढणार नाही, असा त्यांचा आशय होता. निकालावर मोबदला ठेवला की जेथे निकाल कठीण तेथून शाळा मागे सरते, हे त्यांनी ओळखले होते.

ह्यावरून परीक्षाच नकोत असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. वाचता न येताच आठवीपर्यंत पोहोचलेल्या मुलाचीही वंचनाच झालेली असते, आणि चाचणी नसेल तर ती उघडकीस येणार नाही. परीक्षेच्या समर्थकांचा हा मुद्दा नाकारण्याजोगा नाही. मात्र चाचणी निदानासाठी असेल तर ती मूल गावात असताना, म्हणजे जून ते सप्टेंबर ह्या काळात आणि पुन्हा परतल्याबरोबर, घेतली पाहिजे. सर्वेक्षणाच्या प्रत्येक सरासरीशेजारी त्या दिवशी पटावर किती व हजर किती हे छापले पाहिजे. आणि हंगामात बुडालेल्या दिवसांची भरपाई शाळेने केल्याची नोंद नसेल, तर अशा मुलास मागे ठेवण्याचा अधिकार त्या शाळेस असू नये.

वर्गात नसलेल्या मुलाचे मापन कसे करावे, ह्याचे उत्तर ज्या धोरणात नाही, ते उमापूरच्या दृष्टीने अपुरेच म्हणावे लागेल.