खुनाचे तीन वाटेकरी

माझं माहेर सौंसरचं, सासर पांढुर्ण्याचं. दोन्हीकडे रहस्यकथा वाचते म्हणून टोमणे खाल्ले. अहिंसेच्या घरात खुनाची पुस्तकं कशाला? उत्तर सुचायला पन्नाशी उलटावी लागली.

कॉनन डॉयलची 1893 ची 'द क्रुकेड मॅन' घ्या. कर्नल बार्कले बंद खोलीत मरतो. त्याआधी भांडताना बायको 'डेव्हिड' हे नाव घेते. घरात त्या नावाचं कुणीच नाही. कॉलेजात असताना मी ते पान तसंच उलटलं होतं. पुढे बायबलमधली गोष्ट कळली. दावीद राजाला उरीयाची बायको हवी होती, म्हणून त्यानं उरीयाला लढाईत ऐन मोक्यावर पुढे उभं करायला लावलं. बार्कलेनंही 1857 च्या धामधुमीत हेन्री वूडला असंच शत्रूच्या तोंडी दिलेलं असतं, नॅन्सीसाठीच. म्हणजे ते नाव नव्हतंच, आरोप होता.

आपल्याकडे पाप तीन तऱ्हेचं सांगतात: कृत, कारित, अनुमोदित. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, आणि दुसऱ्यानं केलं त्याला मान डोलावलेली. दावीद दुसऱ्यातला.

अगाथा ख्रिस्तीच्या 1939 च्या 'अँड देन देअर वेअर नन'मध्ये कायद्याच्या हाती न लागलेली माणसं एका बेटावर गोळा होतात. शेवट सांगावाच लागतो, माफ करा. खुनी न्यायाधीशच असतो, आणि स्वतःच्या कपाळावरच्या गोळीच्या जखमेला तो काइनची खूण म्हणतो. पण बायबलात ती खूण देव कशासाठी करतो? भावाला मारणाऱ्या काइनलाही कुणी मारू नये म्हणून! शिक्षा देत सुटलेल्या माणसानं नेमकी अभयाची खूण मिरवावी! डॉयल प्रतीक उलगडून हातात ठेवतो. ख्रिस्तीबाई ते वाचकाकडे सोडतात. म्हणून मला ही कादंबरी वरचढ वाटते.

उरला तिसरा वाटेकरी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगावची गोटमार होते. दगड मी कधी उचलला नाही. पण गच्चीवरून पाहिलंय, 'अरे, लागला!' म्हणून ओरडलेही आहे. थोड्याच दिवसांनी क्षमावाणीला हात जोडलेत. आणि पुस्तक उघडलं की पहिला खून कधी पडतो, याची वाटही मीच बघते.

ही पुस्तकं घरात कशाला, तर यासाठी.