उतरंड, निसर्ग आणि काइनाची खूण

टोरंटो विद्यापीठात अनेक वर्षे मानसशास्त्राचे अध्यापन केलेले कॅनेडियन विचारवंत डॉ. जॉर्डन पीटरसन यांची व्याख्याने ऐकणारे तरुण आपल्या मंडळ्यांतही भेटतात. २०१७ साली उत्पत्तीच्या पुस्तकावर त्यांनी व्याख्यानमाला दिली. ती ऐकणाऱ्यांत मंडळीकडे पाठ फिरवलेले पुष्कळ होते. तेव्हा पाळकांनी हा विचार वरवर झटकून टाकू नये.

'ट्वेल्व्ह रूल्स फॉर लाइफ' (२०१८) या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात ते शेवंड या समुद्रजीवाचा दाखला देतात. झुंज जिंकणारा जीव ताठ उभा राहतो, हरणारा अंग आक्रसतो. या वर्तनाशी सेरोटोनिन या द्रव्याचा संबंध आहे. यावरून ते म्हणतात की श्रेणीव्यवस्था ही भांडवलशाहीची किंवा पुरुषसत्तेची निर्मिती नसून कोट्यवधी वर्षांची आहे. खचलेल्या तरुणाला ताठ उभे राहायला सांगणे उपकारक आहे, यात शंका नाही. परंतु आपल्याला कितीतरी जवळच्या बोनोबो वानरांत माद्या एकजुटीने नरांवर वरचढ ठरतात. दाखला कोणता निवडावा, हे निसर्ग ठरवीत नाही.

सत्तेची उतरंड आणि गुणवत्तेची उतरंड यांत पीटरसन भेद करतात, हे न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे. मात्र गुणवत्तेची कसोटी लागण्यापूर्वी कसोटीच्या जागी पोहोचता यावे लागते. ज्या देशात डॉ. आंबेडकरांना श्रेणीबद्ध विषमतेचा सिद्धान्त मांडावा लागला, तेथे हे वेगळे सांगायला नको. आपल्या मंडळ्यांतही जन्माची पायरी शिरली, हेही कबूल करावे.

खरा मतभेद उत्पत्ति ४ संबंधी आहे. पीटरसन यांचा काइन म्हणजे उत्तम ते अर्पण न करणारा, म्हणून अपयशी, आणि अपयशातून सृष्टीचाच द्वेष करणारा मनुष्य. द्वेषाचे हे विश्लेषण मार्मिक आहे. कबुली ऐकणाऱ्या कोणालाही ते पटेल. पण काइनाचे अर्पण का नाकारले गेले, हे तो अध्याय स्पष्ट सांगत नाही. शिवाय येथे ज्येष्ठाला डावलून कनिष्ठाचा स्वीकार होतो, आणि पुढे इसहाक, याकोब, योसेफ यांच्या बाबतीत तेच घडते. ज्या ग्रंथात पीटरसन यांना उतरंडीचे मूळ दिसते, तोच ग्रंथ जन्माची उतरंड पुनःपुन्हा उलथवतो.

आणखी एक गोष्ट. खून होण्यापूर्वी परमेश्वर बोलतो तो हाबेलाशी नव्हे, नाकारल्या गेलेल्या काइनाशी. खुनानंतरही त्याच्यावर संरक्षणाची खूण ठेवतो. शेवंडांच्या जगात हरलेल्याशी कोणी बोलत नाही. प्रभु येशूनेही मत्तय २० मध्ये, थोर होण्याची इच्छा धरणाऱ्या शिष्यांना हाकलून न देता, थोरपणाचा अर्थच बदलून दिला.

एखादा तरुण ही व्याख्याने घेऊन आला, तर त्याच्यासोबत उत्पत्ति ४ मधील सहाव्या वचनापासून पंधराव्यापर्यंत सावकाश वाचावे, आणि आधी त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे.