जुने कोणाचे, प्राचीन कोणाचे?

उल्हासनगरच्या ज्या महाविद्यालयात मी मराठी शिकवतो तिथे दरवर्षी ‘ट्रॅडिशनल डे’ साजरा होतो. मराठीत त्याला ‘पारंपरिक वेशभूषा दिन’ म्हणतात. नऊवारी, नथ, फेटा, धोतर असा सगळा थाट असतो. दोन वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी पांढरी साडी नेसून आली. नावे लिहून घेणाऱ्या मुलाने विचारले, ‘‘तू ट्रॅडिशनलमध्ये का नाही आलीस?’’ ती म्हणाली, ‘‘आमच्याकडे धम्मदीक्षेपासून हीच नेसतात.’’ त्याने वहीत तिच्या नावापुढे ‘इतर’ असे लिहिले.

मुलगा वाईट नव्हता. त्या दिवसाच्या पत्रकाचा मजकूर मीच तपासला होता. ऱ्हस्वदीर्घ तपासले, ‘पारंपरिक’ हा शब्द तपासला नाही. तो आता तपासतो आहे.

मराठीत जुन्यासाठी शब्दांना तोटा नाही. परंतु हे शब्द वय सांगत नाहीत, मालकी सांगतात. देऊळ ‘प्राचीन’ असते, धर्म ‘सनातन’ असतो, वाडा ‘पुरातन’ असतो, घराणे ‘परंपरागत’ असते. आजार मात्र ‘जुनाट’ असतो, आणि विरलेल्या साडीला ‘जुनेर’ म्हणतात. ‘जुनं ते सोनं’ ही म्हण ज्याच्या घरात सोने होते त्याने केली असावी. आमच्या घरात जुने म्हणजे जुनेर, आणि जुनेरांची शिवलेली वाकळ. मढ्यावरचे कापड महाराने घ्यावे हीसुद्धा परंपराच होती, आणि तिला ‘हक्क’ असे भारदस्त नाव होते. असा हक्क ज्याला मिळाला त्याने परंपरेचा दिवस कोणत्या वेशात साजरा करावा?

या प्रश्नाचे उत्तर महाडला दिले गेले आहे. डिसेंबर १९२७ च्या परिषदेत मनुस्मृती जाळल्यानंतर बाबासाहेब स्त्रियांशी बोलले. तुमची नेसण आणि गळ्यात-हातात रचलेले ते जड दागिने ही अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाका, असे त्यांनी सांगितले. बायांनी लुगडी नेसण्याची पद्धत तिथल्या तिथे बदलली. म्हणजे ज्या वेशाला आज ‘पारंपरिक’ म्हणून बक्षीस मिळते, तसला वेश आमच्या आज्या-पणज्यांनी विचारपूर्वक अंगावरून उतरवला होता. त्यांच्या पणतीने तो पुन्हा चढवला तर तिला पहिला नंबर, आणि उतरवल्याची आठवण ठेवली तर ‘इतर’!

महाडचीच दुसरी गोष्ट शब्दांच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे. चवदार तळ्यावर अस्पृश्यांना मज्जाव करण्यासाठी सवर्णांनी कोर्टात दावा लावला, तेव्हा त्यांच्या हातातले हत्यार म्हणजे एक शब्द होता: वहिवाट. पूर्वापार, अनादी काळापासूनची वहिवाट. दावा दहा वर्षे चालला. मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टाने निकाल दिला की अशी अनादी वहिवाट वादींना सिद्ध करता आलेली नाही. मला या निकालाचे फार अप्रूप वाटते. ‘पूर्वापार’ हे विशेषण कोणीतरी पुराव्याच्या पिंजऱ्यात उभे केले आणि विचारले, किती साली? आणि ते गडबडले.

हाच प्रश्न आपल्या गावात विचारून पाहू. अंबरनाथच्या शिवमंदिराला ‘प्राचीन’ म्हणतात. म्हणोत, शिल्प खरोखर देखणे आहे, आणि शिलाहारांच्या काळातला शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा लेख तिथे आहे. पण बदलापूरच्या पुढे कर्जतजवळ कोंडाण्याची बौद्ध लेणी आहेत, ती या देवळाहून हजार वर्षांनी जुनी. कान्हेरीच्या लेखांत कल्याणच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. नाशिकच्या लेण्यांना तर लोक बिनदिक्कत ‘पांडवलेणी’ म्हणतात, म्हणजे जुनेपण आमचे आणि नाव दुसऱ्याचे. आणि या लेण्यांचा धम्म ज्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला पुन्हा स्वीकारला, त्यांना सरकारी योजनांचा कागद काय म्हणतो? ‘नवबौद्ध’. या मुलखातला सर्वांत जुना लेखी वारसा ज्यांचा, ‘नव’ हा उपसर्ग नेमका त्यांनाच चिकटलेला. ‘सनातन’ हा शब्ददेखील एकट्या वैदिकांचा नाही. पालीत तो ‘सनंतन’ आहे, आणि धम्मपदात तो अवैराच्या धम्माला लावलेला आहे. तो आपण परत मागितला नाही. ‘सनातनी’ ही शिवी करून ठेवला आणि समाधान मानले.

जुनेपण विकतही मिळते, हे उल्हासनगरकराला वेगळे सांगायला नको. अंबरनाथच्या देवळाजवळून येणाऱ्या वालधुनीच्या काठी इथे जीन्स धुण्याचे कारखाने होते. नवी कोरी जीन्स रसायनात धुऊन विटकी करायची. नदीचे पाणी रंगले ते त्यातूनही. श्रीमंताचे विटके कापड ही फॅशन, गरिबाचे विटके कापड म्हणजे दारिद्र्य.

आपल्या लेखकांनाही सोडून चालणार नाही. आपल्या कवितेत, भाषणात ‘परंपरा’ शिवीसारखी येते आणि पुढच्याच परिच्छेदात ‘फुले-आंबेडकरांची परंपरा’ म्हणून मुजरा केला जातो. एकच नाणे दोन्ही बाजूंनी खरे कसे? ‘बुरसटलेले’, ‘जुनाट’, ‘पुराणमतवादी’ ही प्रस्थापितांनी घडवलेली विशेषणे आपण उलटी फेकतो आणि त्याला विद्रोह म्हणतो. त्या फेकाफेकीत जात्यावरच्या ओव्या आणि वाकळेची शिवण हेही गेले. त्यांत काय गुलामीचे होते आणि काय आपले होते हे निवडायचे कष्ट आपण घेतले नाहीत. माझ्या दोन लेखांत मीही हेच केले आहे.

माझी आई बदलापूरला राहते. तिच्या तोंडी ‘पारंपरिक’ हा शब्द मी कधी ऐकला नाही. महाविद्यालयातल्या कार्यक्रमाचे फोटो तिला दाखवले. नऊवारीतल्या मुली तिने कौतुकाने पाहिल्या. मग एका दागिन्यावर बोट ठेवून म्हणाली, ‘‘माझ्या आज्जीकडं असलंच होतं. तवा घालाया लागायचं.’’ तिने विशेषण वापरले नाही. ‘तवा’ म्हणाली, आणि ‘लागायचं’ म्हणाली.

पुढच्या महिन्यात पुन्हा तो दिवस आहे. पत्रक अजून माझ्या टेबलावर आहे. मथळ्याची जागा मी कोरी ठेवली आहे, आणि त्या वहीतला ‘इतर’ हा रकाना काढून टाकावा असे प्राचार्यांना लिहिले आहे.