विश्रामबागवाडा : राहत्या वास्तूचे विद्यालयीन रूपांतर

हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान उद्यानातील शिक्षणसंस्थांच्या इमारती अध्यापनाच्या हेतूनेच योजलेल्या आहेत. पुण्यातील शासकीय उच्च शिक्षणाचा प्रारंभ मात्र एका राहत्या वाड्यात झाला. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुमारे २ लाख रुपये खर्चून बांधविलेल्या विश्रामबागवाड्यात ६ ऑक्टोबर १८२१ रोजी संस्कृत पाठशाळा सुरू झाली. या वास्तूची प्रशंसा बहुधा दर्शनी भागावरील कोरीव लाकडी सज्जा व सुरूच्या घाटाचे खांब यांपुरतीच मर्यादित राहते. परंतु हा वाडा विद्यालय होऊ शकला, त्याचे कारण दर्शनी भागात नव्हे, तर त्याच्या अंतर्रचनेत शोधावे लागते.

पेशवेकालीन वाड्याच्या अंतर्भागात भार मुख्यतः सागवानी खांब व तुळया यांच्या सांगाड्यावर असतो; विटांच्या आडभिंती केवळ खांबांमधील जागा भरून काढतात. दोन खांबांमधील अंतर म्हणजे खण, आणि वाड्याचे माप खणांतच मोजले जाते. म्हणून सांगाड्यास धक्का न लावता दालने लहानमोठी करता येतात. चौकाभोवतीच्या ओसऱ्यांना उजेड व वारा चौकातूनच मिळतो. न्याय, व्याकरण, वेदान्त, ज्योतिष असे एकेक शास्त्र एका शास्त्र्याभोवती बसून शिकावयाचे, ही पाठशाळेची पद्धती. तिला दोन-तीन खणांची ओसरी पुरेशी होती.

१८५१ मध्ये पाठशाळा व इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज अस्तित्वात आले. एक अध्यापक आणि समोर रांगेने बसलेला मोठा वर्ग, या नव्या पद्धतीला तोच खण अडसर ठरणारा होता. तुळईच्या लांबीने दालनाची मोकळी रुंदी ठरते. ती वाढवू जाता मध्ये खांब येतात आणि दृष्टी अडते. डेक्कन कॉलेज असे नाव धारण केलेली ही संस्था १८६८ मध्ये येरवड्याच्या दगडी इमारतीत गेली. १८७९ च्या आगीत वाड्याचा काही भाग जळाला, तेव्हा लाकडी सांगाड्याची दुसरी उणीवही उघड झाली.

तात्पर्य, रूपांतराचे यश वास्तूच्या प्राचीनतेवर अवलंबून नसून, तिचे माप व तेथील कार्यपद्धती यांच्या मेळावर अवलंबून असते. आजची काँक्रीटची इमारतही सांगाडा व भरीव भिंती याच तत्त्वावर उभी असते. तिचा खण तेवढा रुंद झाला आहे. जुना वाडा विद्यासंस्थेकडे सोपविताना चौक झाकून केवळ दर्शनी भाग राखला, तर शोभा उरेल, उपयुक्तता जाईल. ग्रंथशाळा व लहान चर्चावर्ग यांस वाडा आजही योग्य आहे. मोठ्या व्याख्यानास नाही. हा निर्णय सज्जा पाहून नव्हे, तर चौक व खण मोजून व्हावयास हवा.