‘नर-संप्रेरक’ या नावाची गफलत

गाईला गोऱ्हा आणि कालवड असे जुळे झाले, तर ती कालवड बहुधा गाभ धरत नाही. सातारा-सांगलीकडच्या वर्गात निदान एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी हे ठाऊक असेल. दोन्ही गर्भांच्या वारेतील रक्तवाहिन्या जोडल्या जातात आणि नर-गर्भाची संप्रेरके कालवडीत उतरतात, असे स्पष्टीकरण फ्रँक लिली यांनी १९१६ साली मांडले.

याच प्रश्नावरचा प्रयोगशाळेतील गाजलेला प्रयोग चार्ल्स बॅरॅक्लॉ यांचा, १९६१ सालचा. पाच दिवसांच्या मादी उंदरांना टेस्टोस्टेरॉनच्या संयुगाचे १.२५ मिलिग्रॅमचे एकच इंजेक्शन दिले. मोठेपणी त्यांच्या अंडाशयांतून बीजांडे सुटेनात. तेच इंजेक्शन विसाव्या दिवशी दिले, तर काही बिघडले नाही.

प्रयोग भक्कम आहे. आक्षेप त्याच्या प्रचलित अर्थाला आहे. ‘नर-संप्रेरकाने मादीचा मेंदू नराचा केला’ असे सांगितले जाते. पण नवजात मादीला इस्ट्रोजेन टोचले तरी हेच घडते! उंदराच्या मेंदूतील एक विकर टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेन बनवते, आणि बराचसा परिणाम त्या इस्ट्रोजेनचाच असतो. मग आईच्या इस्ट्रोजेनने प्रत्येक मादी पिल्लू वांझ का होत नाही? कारण पिल्लाच्या रक्तातील अल्फा-फीटोप्रोटीन ते धरून ठेवते. कालवडीतही आज मुख्य संशय टेस्टोस्टेरॉनवर नसून वृषणातून येणाऱ्या अँटी-म्युलेरियन संप्रेरकावर आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. उंदरांचा निष्कर्ष मुलींना सरळ चिकटवून ‘गणित मुलींचे नव्हे, संप्रेरकेच तशी’ असे म्हणणारे भेटतात. माणसातील अल्फा-फीटोप्रोटीन इस्ट्रोजेनला फारसे बांधत नाही. म्हणजे यंत्रणाच वेगळी. अधिवृक्क ग्रंथींच्या जन्मजात विकारामुळे गर्भावस्थेत जादा टेस्टोस्टेरॉन मिळालेल्या मुलींना उपचारांनंतर पाळी येते, अनेकींना मुलेही होतात. प्रयोगातील मादी उंदीर मात्र कायमच्या वांझ राहतात.

तरीही प्रयोगाचा गाभा, म्हणजे वेळेचे महत्त्व, माणसालाही लागू आहे. गर्भारपणी डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन घेतलेल्या स्त्रियांच्या मुलींत योनिमार्गाचा दुर्मिळ कर्करोग आढळल्याचे बॉस्टनच्या डॉक्टरांनी १९७१ साली दाखवले.

तेव्हा वर्गात ‘हे संप्रेरक नराचे की मादीचे?’ एवढ्यावर थांबू नये. ते केव्हा, किती आणि कोणत्या प्राण्यात, हे विचारावे.