रान, निर्जनता आणि फासा

१९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अद्भुतरम्य भूमिकाखेळाने रानातील प्रवासासाठी ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’ (१९७२) या दुसऱ्याच खेळाचा षट्कोनी घरांचा नकाशा उसना घेतला. खेळाडूंची पात्रे घरामागून घर ओलांडतात. वाट चुकली की श्वापद भेटले, हे फासा ठरवतो. शिधापाणी मोजायला लावणारा हा नियम अंतराची जाणीव पानभर निसर्गवर्णनापेक्षा अधिक देतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्यामागे एक गृहीतक आहे : रान मुळातच निर्जन असते.

सातारा-सांगलीच्या बोलीत ‘रान’ म्हणजे जंगल, तशीच कसलेली जमीनही. ‘तो रानात गेलाय’ या वाक्यात साहस नसते, खुरपे असते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तील (१९५५) तरुण मास्तर माणदेशी माळ तुडवीत धनगरांच्या वाडीवर येतो. त्याची खरी कसोटी वाटेवर नाही. वाडी त्याला आपला मानील की नाही, यात आहे. अखेरीस दुष्काळ पडतो आणि वाडी ओस होते. खेळ जिथून आरंभतो ती निर्जनता कादंबरीत कथानकाचा शेवट आहे, आणि म्हणूनच तिला कारण आहे, इतिहास आहे.

पश्चिमेकडील चांदोलीचे पावसाळी रान नकाशावर आयतेच ‘रिकामे घर’ वाटेल. तिथे १९८५ साली अभयारण्य घोषित झाले; आतली गावे उठवली गेली. त्या घरात पाऊल टाकणाऱ्या पात्राला एखादे पडके जोते दिसले, तर खेळ चालवणारा ते कोणत्या कोष्टकात शोधणार?